विकतचं रुखवत

ज्या मालाचं नाव गिऱ्हाईक चारचौघांत घेऊ शकत नाही, असा माल विकायला काढणारी बाई येडीच म्हणायची, आणि ती बाई मी आहे. मी रुखवत विकते. लग्नात नवरीकडचे टेबलांवर मांडून ठेवतात ते. सुपाऱ्यांची बैलगाडी, मण्यांचं तुळशीवृंदावन, सप्तपदीची पावलं, कापसाच्या बोंडांचा हंसाचा जोडा. हे सगळं नवरीनं आपल्या हातानं केलं, असं वरपक्षाला सांगायचं असतं. आता आजकालच्या पोरी कोणी नर्स, कोणी मास्तरीण, कोणी नागपूरला कंपनीत. त्यांच्या हातात कुठली सुई अन् कुठले मणी! पण सांगायचं मात्र तेच. म्हणून माझं गिऱ्हाईक सौंसरला आमच्या घरी मागच्या दारानं येतं, चादरीत गुंडाळून माल नेतं, आणि मांडवात मी समोर दिसले की मान वळवतं. अशानं धंदा वाढतो का कुठं? तुम्हीच सांगा.

मध्य प्रदेशातला आमचा पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला तसे आमच्याकडे साहेब वाढले, आणि साहेब वाढले तशी ट्रेनिंगं वाढली. बायांना उद्योग शिकवायचं असंच एक ट्रेनिंग निघालं. आमच्या मिस्टरांनी मला न विचारता माझं नाव घालून टाकलं. ते शाळेत शिकवतात, त्यामुळे माणसानं सतत काहीतरी शिकत राहावं असं त्यांना वाटतं, म्हणजे दुसऱ्या माणसानं. मी रोज सकाळच्या बसनं पांढुर्ण्याला जायची आणि हॉलमध्ये पंख्याखालची खुर्ची धरायची. शिकवणारे सर भोपाळचे. बूट असे चमकायचे की त्यांत बघून कुंकू लावून घ्यावं.

पहिल्याच दिवशी सरांनी एकेकीला उभं केलं. कोणी पापड सांगितले, कोणी कापडी पिशव्या. माझी पाळी आली, मी म्हटलं, रुखवत. सरांना काही समजेना. मग मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं समजावलं, की बनाती मैं हूँ, नाम दुल्हन का होता है. सर म्हणाले, "मतलब आप झूठ बेचती हैं?"

सगळा हॉल खिदळला. मीही खिदळले, सगळ्यांत जोरात मीच. आणि मग मला असा राग आला! मी म्हटलं, "झूठ नाही सर, इज्जत बेचती हूँ. और उधारी में बेचती हूँ." त्यावर सर स्वतःच हसले आणि फळ्याकडे वळले. फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ब्रँड. त्याच्याखाली लिहिलं, दाम. त्याच्याखाली, पहला ग्राहक रिश्तेदार, और रिश्तेदार को भी मुफ्त नहीं. हे तिसरं वाक्य लिहिणाऱ्या माणसाला मावशी नसावी, असं मला तेव्हाच वाटलं होतं.

संध्याकाळी घरी आले की जेवताना मी सरांची नक्कल करून सगळं शिकवणं पुन्हा ऐकवायची. मिस्टर ऐकल्यासारखं करायचे. ऐकायच्या त्या सासूबाई. तोवर माझ्या कामाला त्या मण्यांचा खेळ म्हणायच्या. "सून दिवसभर मणी घेऊन बसते, जशी काही पोट्टी," असं शेजारी सांगायच्या. पण ब्रँड या शब्दावर त्यांची भाकर हातातच राहिली.

"म्हंजे पाकिटावर कोणाचा तरी फोटो असते, तसं?"

"हो आई, तसंच."

"मंग आपल्या पाकिटावर कोणाचा टाकशीन?"

मी गमतीत म्हटलं, "तुमचा टाकते." झालं! कुठून बुद्धी सुचली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी बाई नथ घालून, डोक्यावर पदर घेऊन, फोटो स्टुडिओत जाऊन आल्या. माझं ट्रेनिंग संपायच्या आत पांढुर्ण्याच्या छापखान्यातून स्टिकरांचे गठ्ठे घरी आले. गोल स्टिकर, सोनेरी काठ, मधोमध सासूबाई, वर त्यांचं नाव, खाली त्यांचा मोबाइल नंबर, आणि भोवती लिहिलेलं, 'आमचे येथे लग्नाचे रुखवत ऑर्डरप्रमाणे बनवून मिळेल.' माझं नाव कुठंच नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "तू तं आहेसच न घरात."

खरं सांगते, मला हसूच आलं. इतक्या वर्षांत त्या घरात माझ्या कामावर कोणी इतकं खूश झालेलं मी पाहिलं नव्हतं. मी स्टिकर कपाटात ठेवून दिले आणि म्हटलं, आई, आपलं गिऱ्हाईक लपून येणारं, त्याला हे चालायचं नाही. त्या "बरं" म्हणाल्या. सासूबाईंचं "बरं" म्हणजे विषय संपला असं नसतं, हे मला इतक्या वर्षांत समजायला पाहिजे होतं.

त्याच सुमाराला मावशी आली. ही माझ्या आईची धाकटी बहीण, तिगावला असते. माझी आई शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे लहानपणी मी दिवसभर मावशीच्याच पदराला. मण्यात सुई कशी घालायची, दोरा कुठं ओढायचा अन् कुठं सैल सोडायचा, हे मला मावशीनं शिकवलं. आता तिला सुईचं नाकं दिसत नाही. मावशीला एकच लेक, पांढुर्ण्याला बँकेत नोकरीला आहे, हिशेबात पक्की अन् हातकामात शून्य. त्या पोरीचं लोधीखेड्याला जमलं.

मावशी आली ती मागच्या दारानं नाही, पुढच्या दारानं, पण चेहरा मागच्या दाराचा. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "बाई, माही जबान अडकली वं."

झालं असं होतं की पाहायच्या दिवशी नवऱ्या मुलाच्या आईनं सहज विचारलं, पोरीला हातकाम येते का? आणि मावशीनं फुशारीत सांगून टाकलं की येते म्हणजे काय, सगळं रुखवत तीच करून राहिली, एक मणी कोणाचा नाही. विहीणबाई खूश झाल्या, त्यांनी ते सगळ्या लोधीखेड्यात सांगितलं. आता अख्खा लोधीखेडा रुखवत पाहायला येणार होता.

"तू करून देजो. पण कोणाले समजलं तं माहं तोंड गेलं समज. पोरीले आयुष्यभर टोमणे बसतीन, अन् मले त्यायच्या दारात पाय टाकता येनार नाही."

मी तिच्या मांडीवर हात ठेवून म्हटलं, "मावशी, या कानाची खबर त्या कानाला लागणार नाही." शब्द दिला, आणि मनापासून दिला.

आता दाम. सर म्हणाले होते, आरशासमोर उभं राहून आपला भाव मोठ्यानं बोला, लाज जाते. मी आरशासमोर बोलले. आरशाला मी असं रोखठोक सांगितलं की आरसाही घाबरला असेल. मग मावशीला फोन लावला.

"मावशी, ते रुखवताचे..."

"काय वं?"

"रुखवताचे मणी नागपूरचे मागवले. चांगले आहेत."

"बरं केलं बाई."

असं तीनदा-चारदा झालं. दर वेळी पैशाच्या दारापर्यंत जायची अन् मण्यांवरून परत यायची. शेवटी मीच स्वतःला सांगितलं, पाहू नंतर, मावशी काय परकी आहे. मावशीही "हिशोब सांगजो हं" म्हणायची आणि मी "पाहू न मावशी" म्हणायची.

पण काम मात्र असं केलं की काय सांगू! मांडवातल्या सगळ्या टेबलांवर पुरेल एवढं रुखवत. बैलगाडीच्या चाकांना आरे. कापसाच्या हंसांना गळ्यात मोत्याच्या माळा. आणि सगळ्यांच्या मधोमध मण्यांचं संत्र्याचं झाड, हातभर उंच, फळांनी लगडलेलं, खाली आळं, आळ्यात निळ्या मण्यांचं पाणी. ते झाड पुरं झालं तेव्हा मी त्याच्याभोवती फिरून नाचले. एकदा नवरी, म्हणजे माझी मावसबहीण, बँकेतून सुटल्यावर पाहायला आली. म्हटलं, एक तरी मणी तू ओव, म्हणजे तुझ्या आईचं बोलणं अगदीच खोटं नको व्हायला. तिनं एक मणी ओवला, बोटात सुई टोचून घेतली, आणि "ताई, मी तुला एफडी काढून देते, पण हे नको," म्हणून पळाली.

हळदीसाठी मी आधीच तिगावला गेले. रुखवत आणायचं काम सासूबाईंवर टाकलं. त्या लग्नाच्या सकाळी गाडी करून पांढुर्ण्याच्या लॉनवर पोचल्या, एकही मणी न हलवता माल उतरवला, स्वतः मांडला. मी इकडे नवरीची साडी पाहू, की पाहुण्यांचा नाश्ता पाहू! टेबलाजवळ आले तेव्हा वरात यायला थोडाच वेळ होता. बैलगाडी जरा तिरकी दिसली म्हणून मी ती उचलून नीट ठेवायला गेले.

गाडीच्या बुडाशी सासूबाई माझ्याकडं बघून हसत होत्या.

हंस उलटे केले, सासूबाई. वृंदावन उलटं केलं, सासूबाई. सप्तपदीच्या प्रत्येक पावलाखाली सासूबाई, सोनेरी काठासकट, नंबरासकट. मी धावत त्यांच्याकडे गेले. त्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर कडक पदर घेऊन बसल्या होत्या, अगदी त्या फोटोतल्यासारख्या.

"आई, हे काय केलं!"

"काय केलं? बुडाशी तं लावले."

"आपल्याकडे रुखवत उलटं करून पाहतात न आई!"

आणि हे खरंच आहे. आमच्या भागात रुखवत नुसतं पाहून भागत नाही. वरमाय वस्तू हातात घेते, उलटी करते, टाके बघते, तेव्हा कुठं तोंडातून 'छान आहे' निघतं. माझ्या लग्नात माझा मण्यांचा पाळणा सासूबाईंनीच उलटा करून पाहिला होता, मी विसरलेली नाही. तर त्या मला शांतपणे म्हणाल्या, "मंग? उलटं करून पाहतेत म्हनूनच तं बुडाशी लावले. वरतून लावले अस्ते तं शोभा गेली अस्ती."

"अन् मावशीला शब्द दिला त्याचं काय?"

"शब्द तू देला. म्या कुठं देला?"

आता या बाईशी भांडू की स्टिकर काढू? मी टेबलाकडे पळाले. नखानं खरवडलं, केसातली पिन काढून खरवडलं. निघता निघेना! छापखान्यावाल्यानं सांगितलं होतं, ताई, जिंदगीभर निघनार नाही. धंद्यात बोललेला शब्द पाळणारा मला भेटलेला तो एकच माणूस, आणि तो नेमका त्या दिवशी आडवा आला.

तेवढ्यात मावशी आली. "काय करून राहिली वं? नवरीच्या मांगे राहायचं सोडून हंसाचं बूड काहून खाजवून राहिली?"

मी हंस तिच्या हातात दिला. मावशीनं चष्मा लावला. सासूबाईंचा फोटो पाहिला, मग वर मान करून खऱ्या सासूबाई पाहिल्या. तिचा हात छातीवर गेला. "माय वं माय! आता गं?"

आणि मग ती टेबलाखालीच बसली. मीही बसले. दोघी पैठण्या खोचून, टेबलाच्या झालरीआड, मांडीवर एकेक पाऊल घेऊन खरवडतोय. मावशीनं कोणाकडून तरी खोबरेल तेल पैदा केलं. तेलानं सासूबाईंच्या फोटोला नुसती चकाकी आली. मावशी म्हणाली, "तुह्या सासूले तं तेल लावलं तरी सुटत नाही वं," आणि आम्हाला असं हसू फुटलं की विचारू नका. एकीकडे खरवडतोय आणि हसून हसून पोट दुखतंय. मावशीच्या डोळ्यांतून पाणी. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकून हसले. लहानपणानंतर आम्ही दोघी इतक्या हसल्याचं मला आठवत नाही. आणि तेवढ्यात बँडचा आवाज आला.

वरपक्षाच्या बाया लागलीच रुखवताकडे. पुढे विहीणबाई, त्यांच्या बाजूला नवऱ्या मुलाची आत्या, धिप्पाड, दागिन्यांनी मढलेली, आवाज मांडवाच्या बाहेर जाणारा. काही पावलं साफ झाली होती, काही अर्धी, बाकी जसंच्या तसं. मी मधे उभी राहिले. म्हटलं, "हात नका लावू हो, रंग ओला आहे." आत्या म्हणाली, "मण्याले कोणता रंग बाई?" मग मी वस्तू स्वतःच उचलून दाखवायला लागले, बूड माझ्या तळव्यावर झाकून, जसं काही प्रसादाचं ताट. वेळ काढायला मी म्हटलं, आधी उखाणे झाले पाहिजेत, उखाण्याशिवाय रुखवताला हात नाही. ही रीत मी त्याच क्षणी काढली होती. पण उखाण्याला कोण नाही म्हणतं! आत्यानं कमरेवर हात ठेवले आणि टाकला,

"सुपारीची बैलगाडी, चाकं तिची गोल,
विहीणबाई, सांगा आता खऱ्या हाताचं मोल!"

बायांनी टाळ्या पिटल्या. आता मावशीची पाळी. तेलकट हात पदराला पुसत मावशी उभी राहिली, आणि काय सांगू, अजिबात डगमगली नाही,

"संत्र्याच्या झाडाखाली सावली गारेगार,
लेक माही गुणाची, हात तिचे चार!"

मांडव दणाणला. मला ठसका लागला, कारण त्या चारांतले दोन माझे होते. मावशीनं माझ्याकडं पाहून डोळा मारला. मला वाटलं, निभावलं. जिंकलो आपण.

तेवढ्यात आत्यानं, "पाहू बाप्पा हे गारेगार झाड," म्हणत झाड उचललं आणि सरळ उलटं केलं.

झाडाचं स्टिकर मावशीनंच अर्धं खरवडलं होतं. सासूबाईंचा एक डोळा, नथ आणि पदर शाबूत होता, नंबर सगळाच्या सगळा शाबूत, आणि 'ऑर्डरप्रमाणे बनवून मिळेल' हे तर जसं आजच छापलेलं. आत्यानं ते शब्द मोठ्यानं वाचले. मग तिनं मान वर केली. समोरच्या खुर्चीत सासूबाई. त्यांना वाटलं असावं आपण नीट ओळखू यायला पाहिजे, म्हणून त्यांनी पदर नीट केला आणि तशाच हसल्या. "अवं माय, ह्या तं ह्याच!" आत्या ओरडली.

विहीणबाईंनी झाड हातात घेतलं, पाहिलं, आणि म्हणाल्या, "मंग तुमी तं म्हनत होत्या, एक मणी कोणाचा नाही?" सगळ्यांचे डोळे मावशीवर. मावशीनं चष्मा काढून पदराला पुसायला घेतला. मी पुढची थाप जुळवतच होते.

बोलली ती नवरी. मागून आली, मुंडावळ्या बांधलेल्या, मेंदीचे हात वर धरलेले. होणाऱ्या सासूला म्हणाली, "आई, ते विकतचं आहे. मी दिवसभर बँकेत असते, मले सुई धरता येत नाही. एक मणी ओवला तं बोट फोडून घेतलं. हे सगळं माझ्या ताईनं केलं, तिचा धंदाच आहे. हिशोब मात्र मी चांगला करते, तो माझ्या हातचा समजा." आणि मग, आमची पोरगी शेवटी बँकेचीच, आत्याकडं वळून म्हणाली, "तुमच्या घरी कोणाचं लग्न असन तं नंबर त्याच्यावर आहे."

मग आत्या अशी हसली की तिचा गळाभर दागिना वाजायला लागला. तिच्यामागून सगळ्या हसल्या, विहीणबाईही हसल्या, नवऱ्या मुलापर्यंत बातमी गेली तसा तोही हसला. आत्यानं सासूबाईंकडून एक कोरं स्टिकर मागून आपल्या पर्सवर चिकटवलं. मी हसत हसत नवरीला मिठी मारली, तिच्या मुंडावळ्या माझ्या कानातल्यात अडकल्या. अक्षता पडल्या, लग्न लागलं, जेवणात दोनदा बुंदी वाढली गेली.

मावशी कुठं होती, ते मी त्या गडबडीत पाहिलं नाही. पाठवणीच्या वेळी ती खूप रडली. मला वाटलं, लेकीसाठी रडते.

त्यानंतर जे झालं ते सरांच्या कुठल्याही फळ्यावर लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्याच दिवसापासून सासूबाईंचा फोन वाजायला लागला. लोधीखेड्याहून, रामाकोन्याहून, कोणाच्या पुतणीचं लग्न, कोणाच्या भाचीचं. सगळ्या पुढच्या दारानं! लग्नात सगळ्यांसमोर नवरीनंच सांगून टाकलं म्हटल्यावर लपवायचं काय राहिलं? आता तर लोक विचारतात, बुडाशी ते बाईचं स्टिकर आहे ना, नाहीतर नको. सासूबाई फोनवर मोठ्या साहेबासारख्या बोलतात, "वैशाख फुल्ल आहे, जेठात पाहू." मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची आणि पोळी लाटता लाटता उड्या मारायची. दोन शेजारणी कामाला लावल्या. मिस्टरांना मण्यांचे डबे रंगवार लावायला बसवलं, आता शिका म्हटलं. खरंच सांगते, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

फक्त मावशी फोन उचलेना. आधी वाटलं, लग्नाचा थकवा असेल. मग वाटलं, फोन बिघडला असेल. शेवटी नवरीलाच विचारलं. ती म्हणाली, "ताई, मले इकडं कोणी काही म्हणत नाही. लाडच करतात. पण आई आली की माझ्या सासूबाईंची गंमत सुरू होते. आईनं लोणचं आणलं, तं म्हणे, विहीणबाई, हे तरी घरचं का ऑर्डरचं? सणाला अनारसे आणले, तं आत्या ते उलटे करून पाहते, म्हणे फोटो कुठं आहे. आणि आईला आता इकडं सगळे चार हातवाली म्हणतात. हसण्यावारीच म्हणतात गं. आईनं येणंच बंद केलं."

मी त्याच दिवशी निघाले. पांढुर्ण्याला बस बदलून तिगावला उतरले, हातात त्या आत्यानंच पुढं दिलेल्या ऑर्डरीतून उरलेल्या मण्यांचे कानातले, मावशीसाठी केलेले. मनात सगळं ठरवलं होतं, पायाच पडते, रागाव म्हणते, मार म्हणते.

मावशीनं दार उघडलं. रागावली नाही. "ये," म्हणाली. मी सवयीनं सरळ स्वयंपाकघराकडं निघाले, तर म्हणाली, "तिथं कायले, इथं बस," आणि बैठकीत सोफ्यावर बसवलं. चहा ट्रेमधे आला, नव्या कपबशीत, बाजूला बिस्किटं. त्या घरात मी आजवर कधी कपबशीतून चहा प्यायले नव्हते. मी बोलायला लागले, की मावशी, आईंनी न सांगता लावले ते, मला खरंच माहीत नव्हतं, तू तर स्वतः माझ्यासोबत टेबलाखाली... ती म्हणाली, "मले माहीत आहे, बाई. तुही काही चूक नाही." आणि आत जाऊन एक पाकीट घेऊन आली.

"हे रुखवताचे. तू भाव सांगतच नव्हती. म्या नागपूरले दुकानात विचारून घेतला. बरोबर आहे का पाह्य."

मी म्हटलं, "मावशी, हे काय करून राहिली? मी तुझ्याकडून घेणार आहे का?"

"काहून नाही? धंदा आहे तुहा. चांगला चालून राहिला म्हणे. घे."

पाकीट माझ्या हातात होतं. उघडायची गरज नव्हती, जाडच होतं, नागपूरच्या दुकानाचा भाव. आमच्या घरात भाजीवाल्याशी भांडतात, सोनाराशी भांडतात, सख्ख्या बहिणीनं साडी आणून दिली तरी 'एवढ्याची? लुटलं तुले' असं म्हटल्याशिवाय पैसे हातातून सुटत नाहीत. मी सोफ्यावर बसून वाट बघत होते. मनात म्हणत होते, बोल ना मावशी, लय लावले म्हण, मावशीलाच लुटलं म्हण, निम्मेच देते म्हण. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिला दिसलंही.

मावशीनं ट्रे उचलला आणि विचारलं, "मोजून घेतेस न?"